अर्ज स्वीकारणाऱ्याचे कर्तव्य

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा-इंदापूर भागातील अनेक गावे उठून नव्या जागी वसली. करमाळा तालुक्यात आजही केत्तूर क्रमांक १ आणि केत्तूर क्रमांक २ अशी गावे आहेत. अशा भागात जमिनीची नोंद एका गावी आणि राहते घर दुसऱ्या गावी, हे नवल नव्हे. त्यातच सातबाऱ्यावर ‘ज्ञानेश्वर’ असलेले नाव रोमन लिपीत बँकेत ‘डी’ने, तर आधारपत्रावर ‘जी’ने सुरू झालेले असू शकते. माणूस एकच, यंत्राच्या लेखी मात्र दोन.

२०१७ च्या कर्जमाफीत अशा विसंगतीची किंमत राज्याने मोजली. शेतकऱ्यांना अर्ज संगणकावरच भरावे लागले. दिवाळीत प्रमाणपत्रेही वाटली गेली. परंतु अर्जांतील माहिती बँकांच्या नोंदींशी जुळेना आणि रकमा रखडल्या.

दोष अर्जदाराच्या माथी मारणे सोपे असते. वस्तुतः भरलेला अर्ज ज्या सर्व्हरकडे पोहोचतो, त्याच्या रचनेतच न्याय-अन्याय ठरतो. अर्जदाराच्या मोबाइलवर होणारी तपासणी ही केवळ सोय आहे. ती चुकवून कोणीही काहीही धाडू शकतो. म्हणून प्रत्येक रकाना सर्व्हरने स्वतः तपासलाच पाहिजे, आणि रकान्यात आलेला मजकूर ही माहितीच मानली पाहिजे; माहितीसाठ्याला दिलेली आज्ञा म्हणून तो कधीही चालता कामा नये. चूक आढळल्यास भरलेला मजकूर तसाच ठेवून कोणता रकाना का चुकला, हे मराठीत सांगावे. कोरा फॉर्म पुन्हा पुढे करणे म्हणजे अर्जदाराचा दिवस बुडविणे होय. क्षीण नेटवर्कमुळे बटण दोनदा दाबले गेले, तरी अर्ज एकच नोंदला जावा आणि पोचक्रमांक त्वरित मिळावा.

इतकी सवलत दिल्यास बोगस अर्ज फोफावतील, असा आक्षेप घेतला जाईल. तथापि खोटेपणा आणि नावातील अक्षरभेद या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुळत नसलेले नाव परस्पर फेटाळण्याऐवजी ते तलाठ्याकडे पडताळणीसाठी जावे. सातबारा त्याच्याच दप्तरी असतो.

याहून शहाणा मार्गही राज्याने पाहिला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जच मागितला गेला नाही. याद्या बँकांच्या नोंदींवरून झाल्या, शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करावयाचे होते आणि रक्कम अमान्य असल्यास जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागण्याची सोय होती. जी माहिती आधीच दप्तरी आहे, ती पुन्हा विचारली नाही की चुकण्याचा संभवच घटतो.

शासनाच्या प्रकल्पासाठी ज्यांनी गावे सोडली, त्यांना आता त्याच शासनाच्या रकान्यात आपले गाव आणि नाव सिद्ध करीत बसावे लागू नये. अर्ज खरेपणाने भरणे एवढेच नागरिकाचे काम. तो नीट वाचणे आणि त्याला स्पष्ट उत्तर देणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते यंत्रावर सोपविता येते, टाळता मात्र येत नाही.