हनुवटीला बोट लावलं की थांबते, म्हणून खोटी?

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर

भावकीतल्या, शेजारपाजारच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांतल्या सगळ्यांना,

तोंडावर बोलायला गेले की माझी मान जास्तच वळते आणि तुम्ही ऐकायचं सोडून मानेकडे बघत बसता. म्हणून लिहून कळवते. वाचताना तरी माझ्याकडे बघावं लागणार नाही.

माझी मान डावीकडे खेचली जाते, हे गावात लपलेलं नाही. खेचता खेचता ती मध्येच ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखी हलते. कांदा काटायला बसलं की उजवा खांदा पेटतो, कानामागून कळ डोक्यात चढते. याचं दुखणं माझं मी काढते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तुम्ही मला ढोंगी ठरवलंत याची आहे.

गेल्या लग्नसराईत मांडवात कुणीतरी माझा व्हिडिओ काढला आणि भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मान वळतेय, मी हनुवटीला बोट टेकवते, मान सरळ येते, बोट काढलं की पुन्हा वळते. सगळं नीट आलंय त्यात. खाली हसणारे चेहरे आले, ते मी सोडून दिले. पण नात्यातल्याच एका बाईंनी लिहिलं, ‘बोट लावलं की बरं थांबतं! सगळं नाटक.’ आणि त्याला तुमच्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही अंगठे दिले.

तर आधी बोटाचंच सांगते. या आजाराला मानेचा डिस्टोनिया म्हणतात. आपल्या हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूच्या आत खोलवर जे भाग असतात, त्यांच्याकडून स्नायूंना चुकीचे हुकूम जातात. मग एका बाजूचे स्नायू आवळतात ते सुटतच नाहीत. अशा वेळी हनुवटीला, गालाला किंवा डोक्यामागे नुसता हात टेकवला, तरी पुष्कळ रोग्यांची मान थोडा वेळ सैल पडते. जोर लावावा लागत नाही, स्पर्श पुरतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी मला सुरुवातीलाच विचारलं होतं, ‘कुठे हात लावला की थांबतं का?’ मी दाखवलं आणि त्यांनी मान डोलावली. ज्या खुणेवरून त्यांनी आजार ओळखला, त्याच खुणेवरून तुम्ही मला खोटं पाडलंत.

तुमचे बाकीचे पुरावेही असेच. ‘झोपेत बरी सरळ असते!’ असते, कारण झोपेत हा पीळ बहुतेक सुटतो. ‘चार माणसं जमली की हिचं सुरू होतं.’ होतं, कारण मनावर ताण आला की तो वाढतो, आणि तुम्ही टक लावून बघत असलात की ताण येतोच. दोन्ही गोष्टी आजाराच्याच आहेत.

याबाबतीत तुम्ही एकटे नाही, हेही कबूल करते. बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम या डॉक्टरांनी 1911 मध्ये डिस्टोनिया हे नाव दिलं, तरी पुढे कितीतरी वर्षं अशा रोग्यांना मनाचे रोगी म्हणूनच वागवलं गेलं. 1970 च्या दशकात लंडनच्या डेव्हिड मार्सडन यांच्यासारख्या डॉक्टरांनी हा मेंदूचाच आजार असल्याचं ठासून मांडलं, तेव्हा वारं फिरलं. शिकलेल्या डॉक्टरांना एवढा वेळ लागला, तर तुम्हाला थोडा लागला म्हणून मी रुसले नसते. पण मी सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत.

तसं तुम्ही कुणाचंच ऐकत नाही असं नाही. आपल्या कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. संशोधक आले, म्हणाले ही राख आपल्या इकडची नाही, समुद्रापलीकडच्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची आहे. ती नेमकी किती जुनी यावर त्यांचं आपसांत अजून एकमत नाही. तरी गाव पाहुण्यांना तो थर कौतुकाने दाखवतं. सुमात्राहून राख उडत आली हे तुम्हाला पटलं. शेजारच्या बाईची मान तिच्या हातात नाही, हे मात्र पटत नाही!

उपाय मात्र भरभरून दिलेत. पट्टा लावला, कारण ‘मणक्यात गॅप’ असणार. तेल झालं, शेक झाला, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. मग तुमच्याच आग्रहावरून मान बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यामागे, आणि गप्पा मारता मारता हिसका दिला. मी वाचले. अशा हिसक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. सलूनमध्ये मालिश झाली की मान कटकन मोडून घेणाऱ्या पोरांनीही हे वाचावं.

मला उतार पडतो तो इंजेक्शनांनी. बोटुलिनम नावाचं विष अगदी मोजून, जे स्नायू आवळतात त्यांतच टोचतात. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अॅलन स्कॉट यांनी ते आधी तिरळ्या डोळ्यांवर वापरून पाहिलं. मानेसाठी अमेरिकेत 2000 मध्ये परवानगी मिळाली. टोचल्यावर काही दिवसांनी मान सैलावते आणि साधारण तीन महिने गुण राहतो. कधी गिळायला त्रास होतो, तोही ओसरतो. आजार जात नाही, पुन्हा टोचून घ्यावं लागतं. सुई महाग आहे, त्यामुळे बराखीतल्या कांद्याला आळेफाट्याला काय भाव मिळतो, यावर माझे पुढचे तीन महिने ठरतात. त्यातही हेच औषध सुरकुत्यांवर वापरतात, हे कुणीतरी मोबाइलवर वाचलं आणि पाणवठ्यापासून पारापर्यंत झालं, ‘या वयात नटी व्हायचंय!’

सरकारदरबारची गत वेगळी नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात मज्जासंस्थेच्या जुनाट आजारांचा उल्लेख करून उदाहरणं दिली ती पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची. डिस्टोनिया नावाने नाहीच. दाखल्याच्या टेबलावर ऐकून घेतलं, ‘बाई, हातपाय तर धड आहेत.’ तो साहेब परका होता, विसरले.

तुमचं एक बोलणं मात्र विसरता येत नाही. पोराच्या सोयरिकीला पाव्हणे येऊन गेले. मुलगी पसंत, घर पसंत, आणि आठवड्यात नकार. मागून कळलं, गावातूनच कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की त्या घरात वेडाची झाक आहे, आई बघा कशी करते. हा आजार वेड नाही. माझ्या वयात सुरू होणारा मानेचा डिस्टोनिया बहुतेक घरांत एकट्यादुकट्यालाच होतो, घराण्यात उतरलेला क्वचितच दिसतो. आमच्याकडे दुसऱ्या कुणाला नाही.

ज्यांनी हे सांगितलं, ते हे पत्र वाचतील. नाव मला ठाऊक आहे, लिहीत नाही. त्यांनी त्याच पाव्हण्यांकडे जाऊन खरं काय ते सांगावं. सोयरीक जुळो न जुळो, एवढं त्यांनी करावं.

आपली,
तुमच्याच आळीतली सून