पुढचे चाक घसरते? मग मागची स्प्रिंग कडक करा!

घर्षणाचा नियम तुम्हांला पाठ असेल. घर्षणबल हे लंबरूप दाबाच्या सम प्रमाणात असते, आणि या दोहोंच्या गुणोत्तराला आपण घर्षणांक म्हणतो. आमाँतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये हा नियम मांडला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलोम याने अनेक प्रयोग करून तो तपासला. परीक्षेत नियम लिहिला की गुण मिळतात आणि विषय संपतो.

माझे म्हणणे असे, की विषय तेथे संपू देऊ नये. नियम ज्या तासाला शिकवला जातो, त्याच तासाला तो कोठे अपुरा पडतो हेही शिकवले पाहिजे. या म्हणण्याला आधार म्हणून मी एक उदाहरण घेतो. ते आहे शर्यतीच्या मोटारीचे.

ज्या गाडीचे इंजिन पुढे असते आणि पुढचीच चाके गाडीला ओढतात, अशा गाडीचा विचार करू. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ब्रिटिश ‘मिनी’ १९५९ मध्ये आली आणि ही रचना छोट्या गाड्यांत लोकप्रिय झाली. याच मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मोंटे कार्लो रॅली जिंकली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० याच जातीची होती. अशा गाडीचा निम्म्याहून बराच अधिक भार पुढच्या चाकांवर असतो. शिवाय ओढायचे काम त्यांचेच आणि वळवायचे कामही त्यांचेच. पगार एक आणि त्यावर दोन घरे चालवायची, अशी त्यांची अवस्था असते! त्यामुळे वेगात वळण घेताना पुढचे टायर आधी दमतात. चालक सुकाणू फिरवतो, पण गाडी हवी तेवढी वळत नाही. तिचे नाक वळणाच्या बाहेर जाऊ लागते. मोटारवाले याला ‘अंडरस्टिअर’ म्हणतात.

आता उपाय काय? तुम्ही म्हणाल, पुढे काहीतरी दुरुस्त करा. पण शर्यतीचे तंत्रज्ञ पुष्कळदा मागे जातात आणि मागच्या स्प्रिंगा कडक करतात, किंवा मागच्या दोन चाकांना जोडणारा पिळाचा दांडा, म्हणजे ‘अँटी-रोल बार’, अधिक जाड बसवतात. दुखणे डोक्याला आणि औषध पायाला, असा हा प्रकार वाटतो. तरीही तो लागू पडतो. का, ते पाहू.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा एकूण भार किती? गाडीचे वस्तुमान, वळणाचे त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करा आणि त्याला डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराने भागा. गाडी १००० किलोग्रॅमची, त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८४ पट, उंची ०.५ मीटर आणि अंतर १.४ मीटर धरले, तर उत्तर ३०० किलोग्रॅम-भार येते. या सूत्रात स्प्रिंगेचा कडकपणा कोठेच नाही, हे ध्यानात घ्या. स्प्रिंगा बदलून एकूण आकडा जवळजवळ बदलत नाही.

बदलते ती त्याची वाटणी. गाडीचा सांगाडा ताठ असल्यामुळे तो पुढे आणि मागे सारख्याच कोनातून झुकतो. एका फळीखाली एक मऊ आणि एक कडक स्प्रिंग ठेवून फळी सपाट राहील अशी दाबली, तर कडक स्प्रिंग जास्त भार उचलते. तसेच येथेही घडते. मागची बाजू कडक केली, की ३०० पैकी मोठा वाटा मागच्या जोडीत इकडून तिकडे जातो आणि पुढच्या जोडीतील बदल कमी होतो.

पण आता आपल्या पाठ्यपुस्तकातील नियम लावून पाहा. पुढच्या दोन चाकांवर मिळून ६०० किलोग्रॅम-भार आहे. वाटणी ३०० आणि ३०० असो की ५०० आणि १०० असो, बेरीज ६००च. घर्षणांक स्थिर असेल तर एकूण घर्षणबलही तेच! म्हणजे नियम तंतोतंत खरा असता, तर स्प्रिंगा बदलून या मार्गाने काहीच साधले नसते.

साधते, कारण टायर रबराचा असतो. रबरावरचा भार वाढवला की त्याची पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. समजण्यासाठी एक काल्पनिक टायर घेऊ. १०० भारावर त्याची पकड १००, २०० वर १९०, ३०० वर २७०, ४०० वर ३४० आणि ५०० वर ४००. आपल्या गाडीचा भार पुढे ६०० आणि मागे ४०० धरा.

पहिली मांडणी : पुढे २०० सरकले, मागे १००. पुढच्या चाकांवर ५०० आणि १००. पकड ४०० अधिक १००, म्हणजे ५००. तिला ६०० ने भागले की ०.८३. मागे ३०० आणि १००. पकड ३७०, भागाकार ०.९३. पुढची बाजू आधी घसरणार.

दुसरी मांडणी : मागची बाजू कडक करून दोन्हीकडे १५० सरकवले. टायरच्या आकड्यांचा आलेख काढून मधल्या किमती वाचा. पुढचा भागाकार ०.८६ येतो, मागचा ०.८९. पुढची पकड वाढली आणि दोन्ही बाजू जवळ आल्या. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर यामुळे ताशी सुमारे १.३ किलोमीटर अधिक वेग मिळतो. शर्यतीत वळणे अनेक आणि फेऱ्याही अनेक, म्हणून एवढा फरकही मोलाचा.

तिसरी मांडणी : पुढे १००, मागे २००. पुढे ०.८८, पण मागे ०.८५! मागचे आतले चाक आता भारशून्य झाले. ते जमिनीवरून उचलले जाणार. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयची मागचे आतले चाक हवेत असलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. मागचे चाक गाडीला ओढत नसल्याने ते उचलले गेले तरी एवढे बिघडत नाही. परंतु आपल्या आकड्यांत मागची बाजू आधी घसरते आहे, आणि अशी गाडी गर्रकन फिरू शकते. म्हणजे पुढे मिळवलेली पकड फुकट मिळत नाही. ती मागच्या शिलकेतून आणलेली असते. शिल्लक संपली की खेळ संपला.

म्हणूनच हा उपाय बंदिस्त शर्यतमार्गापुरता आहे. रस्त्यावरच्या गाड्यांत निर्माते मुद्दाम थोडा अंडरस्टिअर ठेवतात. घाबरलेला चालक पाय उचलतो, सुकाणू आणखी वळवतो. पुढून घसरणारी गाडी अशा वेळी बहुधा वेग गमावून सावरते. मागून घसरणारी गाडी त्याच कृतीने फिरते. घरच्या गाडीला कोणी हौसेने मागे जाड दांडा बसवू म्हणाला, तर त्याला हे आकडे अवश्य दाखवा.

काही शिक्षकबंधू म्हणतील, नियमाबरोबर अपवाद सांगितला की मुले गोंधळतात. मला हे पटत नाही. मुले गोंधळतात ती पुस्तकातला नियम आणि डोळ्यांनी दिसणारे जग जुळत नाही तेव्हा, आणि त्याबद्दल वर्गात कोणी बोलतही नाही तेव्हा. लाकडी ठोकळ्याला नियम बराचसा लागू पडतो, रबराला कमी पडतो, एवढे एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागतो? दुसरा आक्षेप असा, की शर्यत हा श्रीमंतांचा छंद. आपल्या शाळेला त्याचे काय? पण सायकल, स्कूटर आणि एस.टी.ची बस यांचे टायरही रबराचेच असतात.

आणि प्रयोगाला खर्च नाही. लाकडी ठोकळ्याच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. गुळगुळीत फरशीवर तो ताणकाट्याने ओढा. वर एकेक वजन ठेवत जा आणि प्रत्येक वेळी ओढ भागिले एकूण भार हा भागाकार लिहून ठेवा. मग ट्यूब काढून नुसत्या लाकडाने तेच करा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा आणि वर्गात भिंतीवर लावा.

आलेखाची रेषा जेथे वाकते, तेथे इंजिनिअरचे काम सुरू होते. आपल्या मुलांना ती जागा शाळेतच दिसली पाहिजे.