रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली, पण गोळी कोणती?

मका, भुईमूग, ऊस जिथं, तिथं रानडुक्कर ठरलेलंच. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 प्रमाणे उभ्या पिकाची नासाडी करणारं जनावर मारायची लेखी परवानगी मिळू शकते. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही अनुसूची 2 मध्ये आहेत, म्हणजे ती वाट अजून उघडी आहे. पण चर्चा अर्ज, शिक्का आणि सहीवरच थांबते. बंदुकीत काय भरायचं, हे कुणी विचारत नाही.

एखाद्याच्या घरी आजोबांच्या काळातली छोट्या बोअरची, भन्नाट वेगाची रायफल असते. .220 स्विफ्ट हे त्याचं टोकाचं उदाहरण. 1935 साली अमेरिकेत विंचेस्टर कंपनीनं हे काडतूस आणलं. गोळी 48 ग्रेनची, म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम, आणि वेग सेकंदाला साधारण 1250 मीटर. आकडा ऐकून कुणीही म्हणेल, डुक्कर जागेवर झोपणार. तसं होत नाही. या पातळ कवचाच्या गोळ्या कोल्ह्याएवढ्या जनावरासाठी बनवलेल्या. लागल्या की वरच फुटतात. नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडं असतं. तिथं मोठी जखम होते, पण गोळी काळजापर्यंत पोचत नाही.

स्कॉटलंडमध्ये 20-25 किलोच्या रो हरणालासुद्धा किमान 50 ग्रेनची, फुलणारी गोळी लागते, असा कायदा आहे. आपलं डुक्कर शंभर किलोच्या पुढं जातं. मग जड गोळी घाला म्हणाल, तर नळी आडवी येते. स्विफ्टच्या नळीत गोळीला साधारण 14 इंचात एक फेरा मिळतो. लांब, जड गोळी त्यात स्थिर राहत नाही. तांब्याची गोळी वजनाला हलकी, म्हणून तेवढ्याच वजनाला आणखी लांब. तिचीही तीच अडचण.

.22 रिमफायरचा तर विचारच नको. आपल्याकडं परवान्यावर दिसणारी .315 रायफल आणि बारा बोअर जुनीच, पण डुकरासाठी योग्य. .315 ला सॉफ्ट नोज गोळी घ्यावी. पूर्ण कवचाची आरपार जाऊन पलीकडच्या मळ्यात जागलीवर बसलेल्या माणसाला लागू शकते. बारा बोअरमध्ये एलजी किंवा एकच मोठी गोळी, तीही जवळूनच. पक्ष्यांचे बारीक छर्रे डुकरावर मारणं म्हणजे जनावर पिसाळवून उसात सोडणं. सकाळी त्याच उसात मजूर बाया शिरतात, आणि जखमी डुक्कर सुळा कुठं मारतं ते त्यांना विचारा.

परवानगी देताना हत्याराचा बोअर आणि काडतुसाचा प्रकार अर्जात लिहून घ्यायला वनखात्याला एक ओळ पुरेल. आणि हो, मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं. परवानगी असली तरी पंचनाम्याआधी हात लावू नका.