किल्ल्या कोणाच्या हाती?

गेल्या दिवाळीत आमची भाची रोह्याहून आमच्याकडे पेणला आली, ती अगदी खिन्न मुद्रेने. रोह्याच्या एका कचेरीत ती हिशेब लिहिते. तेथे संगणक सहा. परंतु हिशेबाच्या डेटाबेसमध्ये शिरण्याचे खाते एकच, आणि त्याचा परवलीचा शब्द पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठीवर! एके दिवशी जमेची एक रक्कम बदललेली आढळली. ती कोणी बदलली याचा उलगडा होईना. हिशेब हिच्याकडे, म्हणून संशयही हिच्यावरच. “मामा, मी निर्दोष आहे हे सिद्ध तरी कशाने करू?” तिच्या या प्रश्नामुळे हा विषय येथे घेणे आम्हांस भाग पडले.

आपल्या एकत्र कुटुंबात कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असे, तर तिजोरीची आजोबांच्या जानव्याला. सुनेला लागेल तो जिन्नस काढून मिळे. कोठी मात्र तिच्या स्वाधीन नसे. यात अविश्वासच असे असे नव्हे. काही उणे पडल्यास निष्पाप माणसावर आळ येऊ नये, हीही त्यातली सोय होती. डेटाबेसची व्यवस्था याच जातीची आहे. नोंद पाहणे, नवी भरणे, असलेली बदलणे आणि पुसणे हे चार निरनिराळे अधिकार होत. प्रत्येक खात्यास ते वेगवेगळे देता येतात व परतही घेता येतात. परंतु प्रोग्रॅम बसविणारा गृहस्थ बहुधा घाईत असतो. सर्वाधिकारी खाते सर्व संगणकांस जोडून दिले की काम तत्काळ सुरू होते; आणि ही तात्पुरती सोय वर्षानुवर्षे तशीच राहते. मग प्रत्येक फेरफारापुढे एकच नाव उमटते. जे सर्वांचे, ते कोणाचेच नव्हे!

याउलट सातबाऱ्याची पद्धत पाहावी. फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यावयाची आणि ती प्रमाणित मंडळ अधिकाऱ्याने करावयाची, असा जमीन महसुलाचा शिरस्ता आहे. ई-फेरफार आल्यावर संगणकावरही तोच पाळला गेला. लिहिणारा हात वेगळा, मंजुरीचा वेगळा.

अर्थात कुलुपानेच सर्व काही साधते असे नाही. रोह्याशी निकटचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. त्याच रिझर्व्ह बँकेला २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घालावे लागले. बनावट कर्जखात्यांचे ते प्रकरण येथील ठेवीदारांच्या घराघरांतून आजही दुःखाने आठवले जाते. घरचे कारभारीच फितूर झाले तर कुलूप काय करणार? म्हणूनच तपासनिसाचे खाते निराळे असावे. त्यास सर्व काही दिसावे, परंतु बदलता काहीही येऊ नये.

तात्पर्य, प्रत्येकाचे खाते त्याच्या नावाचे असावे. अधिकार कामापुरताच असावा. प्रोग्रॅमला जोडलेले खाते सर्वाधिकारी नसावे. कोणी बदलून गेला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची आपोआप नोंद ठेवण्याची सोय चालू असावी.

भाचीने हे सर्व लिहून वरिष्ठांस दिले, आणि आता त्या कचेरीत सहा जणांची सहा खाती झाली आहेत. त्या जुन्या रकमेचा उलगडा मात्र झाला नाही, व यापुढे होण्याचा संभवही नाही. ज्या कचेऱ्यांतून चिठ्या अजून चिकटलेल्या असतील, तेथील आमच्या वाचकांनी त्या आजच काढाव्यात.