एसीची वार्षिक देखभाल : खर्च की गरज?

उन्हाळा तोंडावर आला की वाचक विचारतात, ‘घरच्या एसीचे दरवर्षी मेकॅनिक बोलावून सर्व्हिसिंग करून घेणे खरोखर आवश्यक आहे का?’ माझे उत्तर : होय, वर्षातून एकदा अवश्य, परंतु उरलेली देखभाल आपल्याच हाती आहे.

घरगुती स्प्लिट एसी सहसा बाहेरची ताजी हवा आत आणत नाही; खोलीतलीच हवा पुनःपुन्हा थंड करतो. त्या हवेतील बाष्प आतल्या थंड कॉइलवर साचते. त्यावर धूळ बसली की बुरशीला ओल आणि खाद्य दोन्ही मिळते. एसी सुरू करताच कुबट वास येणे, रात्री शिंका वा खोकला वाढणे, ही त्याची चिन्हे असू शकतात. घरात दम्याचा रुग्ण असल्यास त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

फिल्टरची जाळी वीज बंद करून दर पंधरवड्याला स्वतः साध्या पाण्याने धुवावी व पूर्ण सुकवूनच बसवावी. कॉइल, पंखा, पाण्याचा ट्रे आणि निचऱ्याची नळी यांची सफाई मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी. ‘गॅस दरवर्षी भरावाच लागतो’ यावर विश्वास ठेवू नये. तो बंद नळ्यांतून फिरतो, वापराने संपत नाही. कमी झाला असेल, तर आधी गळती शोधावी.

सफाईनंतरही खोकला किंवा धाप राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि एसी स्वच्छ झाला म्हणून दम्याचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.