चराईबंदी नको, पाळी हवी

गायरानाचा विषय निघाला की आमच्या माण तालुक्यात दोनच पक्ष. एक म्हणतो, बापजाद्यांपासून गुरं मोकळी सुटतात, सुटू द्या. दुसरा म्हणतो, कडक चराईबंदी करा, हिवरे बाजार बघा. मी खिल्लार पाळतो. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

हिवरे बाजारचे डोंगर बोडके झाले होते, तिथं बंदीशिवाय इलाज नव्हता. विळ्यानं गवत कापून न्यायची मुभा ठेवली, हेही शहाणपणाचं. पण माळ भरल्यावरही बंदीच कशाला? न चरलेलं गवत उभं वाळतं, जुन्या काडांखाली फुटवा गुदमरतो आणि उन्हाळ्यात कुणीतरी वणवा लावतं.

गाईनं खाल्लं म्हणून गवत मरत नाही. लगेच पुन्हा खाल्लं म्हणून मरतं. खुडलेला मारवेल बुडातली शिल्लक खर्चून पान काढतो. तीन-चार पानं येईतो थांबलं तर मुळं सावरतात, आधीच जनावर फिरलं तर ठोंब खचतो. फ्रान्सच्या आंद्रे व्हॉयझाँ यांनी 1957 सालीच हे पुस्तकात मांडलं. मोकाट गुरं आधी मारवेल, पवना वेचतात आणि कुसळी माजते. तिला कुसळं धरली की गुरं तोंड लावत नाहीत; मेंढरांच्या तर ती लोकरीतून कातड्यात घुसतात. म्हणून कुसळीचा तुकडा फुलोऱ्याआधीच चारायचा.

मी झटका मशीनची एकपदरी तार ओढून माळाचे तुकडे करतो. पावसाळ्यात चरलेल्या तुकड्याला महिनाभर सुट्टी. दिवाळीनंतर वाढ थांबते, तेव्हा परत फिरणं नाही. शेणाचा पो उलटून बघा: खाली शेणकिड्यांची भोकं असतील तर पाऊस तिथं मुरतो. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन सरसकट टोचत नाही, ते शेणात उतरून या किड्यांच्या पिलावळीवर उठतं.

झिम्बाब्वेचे ॲलन सेव्हरी अशा चराईनं वाळवंट हिरवं होईल, हवामानही सावरेल म्हणतात. अनेक शास्त्रज्ञांना ते पटत नाही, मलाही नाही. माणच्या पावसात माझ्या गाईंपुरती वैरण निघाली तरी बास.

खरा प्रश्न गायरानाचा. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, पण अतिक्रमण हटलं म्हणून गवत येत नाही. चर खोदायला निधी मिळतो, गुराख्याच्या पगाराचं नाव कुणी काढत नाही. गायरानात तार लावली तर रातोरात जाईल. तिथं गुराखीच लागतो, तोही गावानं पगार देऊन ठेवलेला. आणि पाळी ठरवताना मेंढपाळांना बैठकीबाहेर ठेवू नका. वाटेवरचं गवत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि विचारलं नाही तर रात्री मेंढरं शिरणारच. रोहिण्या लागायच्या आत एक ग्रामसभा एवढ्यासाठीच बोलवा, आणि यंदा कुठला तुकडा बंद राहणार ते तिथंच लिहून घ्या.