फॉरमॅट करण्यापूर्वी

घरात नवा प्रिंटर येतो, त्याचा प्रोग्राम संगणकावर चढवला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून संगणक मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडू लागतो. दुरुस्तीवाला येतो, दोन-चार कळा दाबतो आणि निर्णय देतो, "फॉरमॅट करावा लागेल." फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह धुऊन काढून त्यावर विंडोज नव्याने बसवणे. त्या धुण्यात डेस्कटॉपवर साठवलेली लग्नाची छायाचित्रे, सोसायटीच्या देखभाल खर्चाचे हिशेब आणि दुकानाची चालू वर्षाची खातीही जाऊ शकतात. दिवाळीच्या वहीपूजनाला लाल वहीशेजारी लॅपटॉपलाही कुंकवाचे बोट लागते अशी घरे आज कमी नाहीत. अशा घरात हे नुकसान केवळ यंत्राचे राहत नाही.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय. त्याच्या अलीकडचा एक उपाय विंडोजमध्ये सन २००० च्या 'मिलेनियम' आवृत्तीपासून आहे. त्याचे नाव सिस्टिम रिस्टोअर. विंडोजच्या महत्त्वाच्या फाइली, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि बसवलेले प्रोग्राम यांची एका विशिष्ट क्षणाची स्थिती संगणक टिपून ठेवतो; त्या टिपणाला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. दिवसअखेरीस शिल्लक जुळवून ठेवली असली की दुसऱ्या दिवशी ताळा चुकला तरी शोध त्या एका दिवसापुरताच उरतो. रिस्टोअर पॉइंटचा उपयोग नेमका असाच आहे. प्रिंटरने घोटाळा केला, तर संगणकाला प्रिंटर येण्यापूर्वीच्या स्थितीत नेता येते.

मात्र पुष्कळ संगणकांवर ही सोय मुळात बंद असते, आणि गरज पडेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आजच एकदा पाहून घ्यावे. खालच्या पट्टीवरील शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असे टंकित केले की 'सिस्टिम प्रोटेक्शन'चे पान उघडते. तेथे सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसत असेल, तर तो ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबावे, संरक्षण चालू करावे आणि त्यासाठी राखायची जागा ठरवावी. २५६ जीबीच्या डिस्कवर पाच टक्के म्हणजे सुमारे १२ जीबी. घरगुती वापराला एवढी जागा सहसा पुरते. मग 'क्रिएट' दाबून पॉइंटला नाव द्यावे. घाईत 'टेस्ट' किंवा 'एबीसी' असे काही लिहून मोकळे होण्याची सवय असते. सहा आठवड्यांनी त्या नावावरून काहीच बोध होत नाही. 'प्रिंटर बसवण्यापूर्वी' असे स्पष्ट नाव असावे. तारीख आणि वेळ संगणक स्वतः घालतो.

काही प्रसंगी विंडोज आपण होऊनही असे पॉइंट करते, परंतु त्यावर विसंबू नये. नवा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर चढवण्यापूर्वी दोन मिनिटे यासाठी द्यावीत.

राखलेली जागा भरली की सर्वांत जुना पॉइंट आपोआप गळतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, जून २०२५ च्या अद्ययावतीकरणानंतर, पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस राहतात. त्याच पानावरील 'डिलीट' बटणाबाबत सावध असावे, कारण ते एखादाच पॉइंट न काढता त्या ड्राइव्हवरचे सगळेच पुसते. संरक्षण बंद केले तरी तेच होते.

मागे जायची वेळ आली, तर 'सिस्टिम रिस्टोअर' दाबून यादीतील पॉइंट निवडावा आणि 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' अवश्य पाहावे. त्या तारखेनंतर बसवलेले कोणते प्रोग्राम निघून जातील, ते तेथे कळते. हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेला बरा. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा, आणि काम चालू असताना तो बंद करू नये. विंडोज सुरूच होत नसेल, तरी दोन-तीन प्रयत्न फसल्यावर बहुधा दुरुस्तीचा पडदा येतो. तेथे 'ट्रबलशूट' आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून हीच सोय सापडते. या टप्प्यावर काही लॅपटॉप बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतात. ती अनेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि खाते असते ज्याने लॅपटॉप सुरू करून दिला त्या परगावच्या मुलाचे किंवा भाच्याचे! ते अंक आधीच वहीत उतरवून कपाटात ठेवावेत.

या सोयीची मर्यादाही ठाऊक असावी. रिस्टोअर पॉइंट छायाचित्रे किंवा पत्रे सांभाळत नाही. चुकून पुसलेला फोटो त्यातून परत मिळेल अशी आशा धरू नये. पॉइंट त्याच डिस्कवर असतात, त्यामुळे डिस्क निकामी झाली की तेही गेले. खंडणी मागणारे व्हायरस तर अनेकदा प्रथम हे पॉइंटच पुसून टाकतात. कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगळी घ्यावी लागते, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी लागते.

एवढे करूनही फॉरमॅटखेरीज मार्ग उरला नाही, तर दुरुस्तीवाल्याला सी ड्राइव्हवरील फाइलींची प्रत आधी घ्यायला सांगावे. विंडोज चालत नसले तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून ते बहुधा करता येते. डिस्क बिटलॉकरने बंद असेल, तर तीच ४८ अंकी किल्ली तेथेही लागते. प्रत घेतल्यावर त्यातील दोन-चार छायाचित्रे आणि चालू वर्षाचे हिशेब त्याच्यासमोर उघडून पाहावेत, आणि मगच फॉरमॅटला होकार द्यावा.